तो टेक्निकल कोणाच्या अधिकारात मागे घेतला? नागपुरातल्या बास्केटबॉल आयोजकांना अन् कोच मंडळींना खुलं पत्र

प्रति,
नागपुरात बास्केटबॉलच्या स्पर्धा भरवणारे आयोजक आणि बेंचसमोर उभे राहणारे सगळे कोच,

नमस्कार.

मी कोणी मोठा माणूस नाही. पाच वाजता ऑफिसातून निघायचं, डिक्कीतला राखाडी शर्ट रस्त्यात कुठंतरी बदलायचा आणि कधी धरमपेठ कधी सदर कधी पार हिंगणा रोड, जिथं ड्युटी लागेल तिथं पोहोचायचं, असा रेफरी आहे. सोळा वर्षं झाली. त्याआधी खेळलो, मधली दोन वर्षं एका शाळेच्या टीमचा असिस्टंट कोच पण होतो, म्हणजे तुमच्या बाजूनं ओरडून झालंय माझं, एकदा तं रागात लाथ मारलेली पाण्याची बाटली थेट टेबलाखाली जाऊन शॉट क्लॉकवाल्याच्या पायावर लागली होती. तर मी काही संत नाही हे आधीच सांगून ठेवतो.

पण मागच्या महिन्यात एका फायनलमध्ये कोचला दिलेला टेक्निकल, म्हणजे वाईट वागणुकीचा फाउल, मागे घ्यायला लावला आणि त्यानंतर तुम्ही जो निर्णय घेतला तो गिळून गप्प बसणं मला जमत नाहीये. फोनवर बोलून झालं, "बघू नं, शांत होऊ द्या जरा" हे ऐकून झालं, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहून राहिलो. कोणाचं नाव घेणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, बाकीच्यांनी नाव शोधत बसू नये, कारण हे एका माणसाबद्दल नाहीच आहे.

उन्हाळी स्पर्धा, सतरा वर्षांखालच्या पोरांची फायनल. संध्याकाळचे साडेसात वाजलेले तरी सिमेंटचं कोर्ट बुटाच्या तळव्यातून भाजत होतं, नागपूरचा मे आहे, काय सांगायचं. दोन रेफरी. क्रू चीफ, म्हणजे मुख्य रेफरी, मी, आणि सोबत एकवीस वर्षांची पोरगी, रेफरीशिपचं दुसरं वर्ष, पहिली फायनल, आणि त्या दिवसातली तिची चौथी मॅच. तिसऱ्या क्वार्टरमध्ये एका पोरानं पळता पळता पास घेतला, पावलं टाकली, लेअप मारला, हातावर फटका बसला, बॉल आत. तिनं बास्केट मोजली, फाउल दिला, वरून एक फ्री थ्रो. समोरच्या टीमचे कोच "ट्रॅव्हलिंग, ट्रॅव्हलिंग" (बॉल हातात धरून जास्त पावलं टाकली) असं ओरडत बेंच सोडून कोर्टात आले, हातातला प्ले काढायचा बोर्ड खाली आपटला, मार्करचं टोपण उडून माझ्या बुटाजवळ येऊन पडलं, आणि तिला म्हणाले, "कोणी शिकवलं बे तुला? घरी जाऊन पोळ्या लाट."

मी काय केलं सांगू? मी ते टोपण उचललं अन् त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "सर, जाऊ द्या नं, बसा."

त्या सरांकडे मी आठवीत असताना बॉल धरायला शिकलो. आजही सीताबर्डीत दिसले तर गाडी बाजूला लावून नमस्कार करतो. तो नमस्कार खरा आहे आणि पुढंही करीन. पण तिथं, राखाडी शर्ट अंगात असताना, मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो आणि ते माझे सर नव्हते. तिथं बोर्ड आपटणं म्हणजे टेक्निकल, रेफरीला असं बोलणं म्हणजे त्याहून सरळ टेक्निकल, आणि तो मी द्यायला पाहिजे होता. मी दिला नाही. पोरीनं माझ्याकडे बघितलं, मी नजर दुसरीकडे फिरवली. या पत्रातली पहिली तक्रार माझ्याच नावावर लिहा.

चौथ्या क्वार्टरमध्ये साडेतीन मिनिटं उरलेली असताना ते परत आत आले, या वेळी फ्री थ्रो लाइनपर्यंत, भाषा अजून खालची, आणि मग तिनं टी, म्हणजे टेक्निकल, दिला. हात थरथरत होते पण तळहात बोटांवर बरोबर ठेवून टी दाखवला, स्कोअररच्या टेबलाकडे जाऊन नीट रिपोर्ट केला, नियमांच्या पुस्तकात लिहिलंय तसाच. मग पायऱ्यांवरून पालक उतरले, कोणी व्हिडिओ काढतंय, कोणी स्कोअररच्या डोक्यावर उभं. पंचवीस मिनिटं मॅच बंद. आणि आयोजकांपैकी दोघं जण येऊन मला बाजूला घेऊन म्हणाले, टी मागे घ्या, पोरांची फायनल आहे, वातावरण खराब नको. मी नाही म्हटलं. तरी स्कोअररला सांगितलं गेलं आणि त्यानं स्कोअरशीटवर कोचच्या टेक्निकलसाठी लिहिलेला तो 'सी' एवढा गिरवला की कागदाला भोक पडलं. त्याच वेळी मी शिट्टी खिशात घालून बाहेर पडायला पाहिजे होतं, पण पोरं घामानं निथळत उभी होती, म्हणून मॅच पूर्ण केली. सरांची टीम सहा पॉइंटनं जिंकली, म्हणजे त्या एका फ्री थ्रोनं निकाल बदलला नसता. म्हणूनच बहुतेक कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलींच्या मॅचेस होत्या. ग्रुपवर ड्युटीची यादी आली, तिचं नाव नव्हतं. तिसऱ्या दिवशी मला फोन, "तिला म्हणा सरांना एक सॉरी म्हणून टाक, विषय संपेल, पुढच्या वेळी लावून देऊ ड्युटी."

नियमानं टेक्निकल देणाऱ्या पोरीनं, ज्याला टेक्निकल दिला त्याला सॉरी म्हणायचं. हा तुमचा निर्णय. यावरच मला बोलायचंय.

आधी त्या कॉलबद्दल, कारण अजूनही चहाच्या टपरीवर "पण ट्रॅव्हलिंग तं होतंच" चालू आहे. नव्हतं. पळताना बॉल पकडला किंवा ड्रिबल संपवत असताना पाय जमिनीवर असेल तर ते पाऊल मोजायचं नाही, त्यानंतर दोन पावलं, हा फिबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचा, नियम ऑक्टोबर २०१७ पासून आहे. आपण जुन्या हिशोबानं एक-दोन मोजतो, तिसरं दिसलं की ओरडतो. आपल्या कितीतरी ग्राउंडवर अजून थ्री पॉइंटची जुनी ६.२५ मीटरची लाइन ६.७५ च्या लाइनच्या आतून पुसट दिसते, नवी लाइन २०१० साली आली, तसंच आहे हे पण. लाइन नवी मारली, डोक्यातली जुनी पुसली नाही. त्या पोरीनं नवं पुस्तक वाचलंय. तिला "कोणी शिकवलं" विचारणाऱ्यानं वाचलं असतं तर हा प्रश्नच आला नसता.

आणि समजा चुकली असती. चुकतो आम्ही. दोन जण, दहा पोरं, वीस हात, संध्याकाळचा अर्धवट उजेड, होतात चुका. मी एकदा चक्क उलट्या टीमला बॉल दिलाय अन् सगळं ग्राउंड हसलंय. पण चूक झाली तर काय करायचं याची सोय खेळात आहे. बॉल डेड झाला, घड्याळ थांबलं, की कॅप्टन येऊन सभ्यपणे विचारू शकतो. पॉइंट, घड्याळ, शॉट क्लॉक किंवा खेळाडूची पात्रता यात घोळ झाला असं वाटलं तर मॅच संपल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत कॅप्टननं स्कोअरशीटवर प्रोटेस्टच्या जागी सही करायची. सोळा वर्षांत त्या जागी मी किती सह्या बघितल्या असतील, एका हाताची बोटं पुष्कळ झाली. कोर्टात घुसलेले कोच मात्र मोजायचे सोडून दिले. अन् हो, असिस्टंट कोचनं रेफरीशी बोलायचंच नाही असा नियम आहे, आपल्याकडे सगळ्यात जास्त तोच बोलते.

आता टी मागे घेण्याबद्दल. आयोजक साहेब, तुम्ही मंडप घातला, ट्रॉफ्या आणल्या, पोरांच्या केळी-बिस्किटांची सोय केली, त्याबद्दल मनापासून मान आहे, वर्गणी गोळा करणं काय असते मला माहीत आहे. पण नियमात बदल करायला संमती द्यायचा अधिकार खुद्द रेफरीला पण नाही, तसं पुस्तकातच लिहिलंय, मग तुम्हाला कुठून आला? टेबलावर कमिशनर बसवला असता तरी त्याचं काम टेबलावर लक्ष ठेवणं अन् आम्हाला मदत करणं एवढंच. हा खेळ काढणाऱ्या नेस्मिथ साहेबांनी १८९१ मध्ये १३ नियम लिहिले, त्यात अंपायर आहे, रेफरी आहे, कॅप्टन आहे. अंपायरनं माणसं बघायची, फाउल टिपायचे, रेफरीनं बॉल अन् वेळ बघायची. कोच त्या तेरा नियमांत कुठंच नाही, आयोजक तं नाहीच नाही. हे मी टोमणा म्हणून नाही सांगत. कोचशिवाय आजचा खेळ होऊच शकत नाही. पण कोणाचं काम काय हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे एवढंच.

आणि टेक्निकल म्हणजे असं काय मोठं आकाश कोसळते? समोरच्याला एक फ्री थ्रो, अन् खेळ जिथं थांबला तिथून पुढं. कोचला स्वतःच्या वागण्यापायी दुसरा मिळाला तर बाहेर जायचं. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये मोठमोठ्या कोचना दर सीझनला मिळतात, दंड भरतात, दुसऱ्या दिवशी त्याच रेफरीशी हात मिळवतात, एका सीझनमध्ये सोळा झाले तर एक मॅच बाहेर बसतात. आपल्याकडे टी म्हणजे इज्जतीचा पंचनामा. "मला टी दिला? मला?" हे जे दुसरं "मला" आहे नं, सगळी भानगड तिथं आहे. नागपूर गाव मोठं झालं पण बास्केटबॉलचं नागपूर लहानच आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात, ज्यानं शिकवलं तोच समोर कोच, त्याचा भाचा टेबलावर, अन् त्याचा विद्यार्थी रेफरी. मग शिट्टी वाजवताना आधी मनात नातं वाजते. आम्ही त्यांना सर म्हणतो आणि ते आम्हाला "ए रेफरी" म्हणतात, नाहीतर "बे". चाळीस मिनिटांसाठी तरी हे बंद करा. "रेफरी" म्हणा, "मॅडम" म्हणा, नाव घ्या. आम्ही "कोच" म्हणू. मॅच झाल्यावर परत सर, परत पाया पडू, काही हरकत नाही.

अमेरिकेतल्या इंडियाना युनिव्हर्सिटीचा कोच बॉबी नाइटनं १९८५ मध्ये कोर्टात खुर्ची फेकली होती, ती क्लिप आपल्या कोच मंडळींमध्ये फार फिरते, खाली लिहिलेलं असते "पॅशन". त्या मॅचमधून त्याला बाहेर काढलं होतं आणि वर एका मॅचची बंदी आली होती, तेवढा भाग कोणी फॉरवर्ड करत नाही.

कोचवर प्रेशर असते हे मला दिसते. शाळा वर्षा-वर्षाच्या करारावर ठेवते, टीम हरली की पालक दुसऱ्या ग्राउंडवर पोरगं नेतात. एका निकालावर पुढचं सिलेक्शन, सिलेक्शनवर सर्टिफिकेट, सर्टिफिकेटवर दहावी-बारावीचे ग्रेस मार्क, पुढं सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. एका शिट्टीत पोराचं वर्ष जाते असं वाटणं समजू शकतो. पण मग त्याच कारणापायी तं शिट्टी कोणाच्या दबावात नको. आज तुमच्या ओरडण्यानं टी मागे गेला, उद्या समोरचा तुमच्यापेक्षा मोठ्यानं ओरडणारा निघाला तर?

पोरं काय शिकतात ते पण बघा. त्या फायनलनंतर चार दिवसांनी मी चौदा वर्षांखालच्यांची मॅच केली. बारा वर्षांचं पोट्टं, छातीएवढं, फाउल दिला तर दोन्ही हात वर करून मला म्हणते, "काऊन? कोणी शिकवलं बे तुम्हाला?" बे अन् तुम्हाला एकाच वाक्यात. मला हसू पण आलं अन् पोटात पण कालवलं.

"पोळ्या लाट" बद्दल वेगळं लिहायची गरज पडायला नको. आपल्या जिल्ह्यात रेफरी म्हणून उभ्या राहणाऱ्या पोरी आधीच मोजक्या. त्यांना कपडे बदलायला खोली नसते, स्कूटी पार्किंगच्या मागं जॅकेट आडवं धरून शर्ट बदलतात, रात्री नऊला मॅच संपते तेव्हा घरी कसं जाणार हे कोणी विचारत नाही. एका मॅचचे तीनशे रुपये, ते पण "पुढच्या आठवड्यात देऊ". त्या पोरीनं पहिल्या स्पर्धेच्या पैशातून फॉक्स फोर्टीची शिट्टी घेतली होती, मला दाखवायला आणली होती. ती शिट्टी पण एका रेफरीनंच काढलेली, रॉन फॉक्सक्रॉफ्ट, कॅनडाचे. १९८४ मध्ये ब्राझीलमधल्या मॅचला ऐन वेळी त्यांच्या शिट्टीतला मणी अडकला, आवाजच निघेना, पब्लिक भडकलं, तेव्हा त्यांनी ठरवलं की मण्याशिवायची शिट्टी बनवायची. त्यांचा आवाज मण्यानं अडवला होता. हिचा आपण सगळ्यांनी मिळून अडवला, त्यात मी आहे.

आता आमची बाजू, कारण फक्त तुमच्यावर बोट ठेवून मोकळं होणं बरोबर नाही. नियमानुसार मॅचच्या वीस मिनिटं आधी आम्ही कोर्टावर पाहिजे, आमच्यातले कितीतरी पाच मिनिटं आधी हेल्मेट हातात घेऊन पळत येतात, मी पण आलोय. हाफटाइमला मोबाइल, समोसा, आणि एका कोचसोबत गप्पा, मग दुसऱ्या कोचला शंका येणारच. काही जण एकाच शाळेत पार्टटाइम शिकवतात अन् त्याच शाळेची मॅच करतात. काही जण कोचनं नीट प्रश्न विचारला तरी हात झटकून "जा, बसा" म्हणतात, उत्तर द्यायला दोन सेकंद लागतात, तेवढे पण देत नाहीत. टी रागात द्यायचा नसतो, काही जण रागातच देतात. हे सगळं खरं आहे आणि यावर तुम्ही बोललं पाहिजे, लिहून बोललं पाहिजे.

तर मागण्या. फार नाहीत.

त्या पोरीचं नाव रेफरींच्या पॅनलमध्ये परत घ्या आणि ग्रुपवर, जिथून काढलं तिथंच, तिनं दिलेला टेक्निकल नियमानुसार होता असं दोन ओळींत लिहा. सॉरीची अपेक्षा तिच्याकडून नाही. त्या कोचनी तिच्याशी स्वतः बोलावं असं मला वाटते, पण ती मागणी नाही, ते त्यांच्यावर सोडतो.

त्या फायनलच्या स्कोअरशीटवर जे झालं ते कोणी करायला लावलं याची नोंद करा, आणि यापुढं कोर्टावरच्या निर्णयात आयोजकांपैकी कोणी हात घालणार नाही हे प्रत्येक स्पर्धेच्या नियमावलीत छापा. कोचला मॅचमधून बाहेर काढलं तर पुढच्या मॅचला बेंचवर बसता येणार नाही हे पण छापा, मग तो कोण का असेना.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी कोच आणि रेफरींची एक अर्धा-पाऊण तासाची बैठक ठेवा. चहा-तर्री पोहे मी आणतो. नवे नियम काय, या स्पर्धेत आम्ही काय कडक बघणार, तुमच्या शंका काय, तिथं बोलू. टेबलाच्या मागं दोरी बांधून पालकांना दूर ठेवा, दोरीला किती खर्च येते?

रेफरींबद्दल तक्रार करायला एक कागद ठेवा. मॅच झाल्या झाल्या नाही, रात्र जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी डोकं शांत झाल्यावर कोचनं लिहावं, कोणता क्वार्टर, किती वेळ उरली होती, काय झालं. मोबाइलवरचा व्हिडिओ असेल तर पाठवा. एनबीए २०१५ पासून अटीतटीच्या मॅचच्या शेवटच्या दोन मिनिटांतले कॉल तपासून दुसऱ्या दिवशी जाहीर करते, कोणता बरोबर कोणता चूक. आपल्याला एवढं नाही जमणार, पण महिन्यातून एका रविवारी चार क्लिपा लावून बसू शकतो, मी माझ्या स्वतःच्या चुकांपासून सुरुवात करतो. जो रेफरी उशिरा येईल त्याचं त्या मॅचचं मानधन कापा. बाकीच्यांचं त्याच दिवशी द्या. एका रेफरीला मे महिन्यात दिवसाला तीनपेक्षा जास्त मॅच लावू नका, आणि मुली असतील तिथं कपडे बदलायला कडी लागणारी एक खोली द्या, शाळेचा वर्ग चालेल.

पावसाळ्यात शाळांच्या स्पर्धा सुरू होतील, पुन्हा ड्युटीसाठी फोन येतील. मला फोन करायच्या आधी यादी बघा. तिचं नाव त्यात असेल तर मी येतो, उशिरा नाही, वीस मिनिटं आधी. नसेल तर माझं पण काढून टाका. आणि ते सर जर समोर बेंचवर असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवतो, टोपण या वेळी मी उचलणार नाही.

आपला,
एक रेफरी
त्रिमूर्ती नगर, नागपूर